हिवताप अंगवळणी पडतो म्हणजे काय?

सभासद बंधूंनो, या पानावर आम्ही एरवी लागण, खोडवा आणि बेणेमळा यांविषयी लिहितो. या खेपेस विषय हिवतापाचा आहे. आपल्या घरची कितीतरी मुले पोलीस, शिक्षक, ग्रामसेवक म्हणून गडचिरोली जिल्ह्यात नोकरीस जातात. शिवारफेरीत आम्हांस हमखास विचारतात, "साहेब, तिकडचा माडिया माणूस भर पावसाळ्यात जंगलात हिंडतो, त्याला काही होत नाही. आमचा पोरगा पहिल्याच वर्षी आडवा कसा झाला?"

त्याला काही होत नाही, हे मुळात खरे नव्हे. भामरागड तालुक्यात हेमलकसा येथे १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेथील दवाखान्यात मेंदूच्या हिवतापाने बेशुद्ध झालेले आदिवासी रोगी आणले गेले आहेत. फरक आहे तो मोठ्या माणसांत, आणि तोही अर्धामुर्धा.

उसाची जात रोगाला टिकते की बळी पडते, हे बेण्यातच ठरलेले असते. को.सी. ६७१ कितीही वर्षे लावली तरी लाल कुज सोसायला शिकत नाही. माणसातही थोडे असे असते. आईवडिलांपैकी एकाकडूनच सिकलसेलचा गुण आलेला असेल, तर गंभीर हिवतापापासून जन्मतःच काही संरक्षण मिळते. पण बाकीची प्रतिकारशक्ती कमवावी लागते.

ती अशी. डास चावला की हिवतापाचे जंतू आधी यकृतात वाढतात, मग रक्तात उतरून तांबड्या पेशींत शिरतात. गडचिरोलीत जास्त आढळणारा फाल्सिपेरम जातीचा जंतू सुमारे ४८ तासांत पेशी फोडून अनेक पिलावळीसह बाहेर पडतो. थंडी वाजून ताप भरतो तो त्याच वेळी. शरीर या जंतूविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे जंतूला चिकटून त्याला नव्या पेशीत शिरू देत नाहीत, आणि पांढऱ्या पेशींना तो खाऊन टाकायला मदत करतात. १९६१ साली आफ्रिकेतील गांबिया देशात मोठ्या माणसांच्या रक्तातील प्रतिपिंडे आजारी मुलांना टोचली, तेव्हा मुलांच्या रक्तातील जंतू झपाट्याने घटले.

मग एकदा ताप आला की काम भागले, असे का होत नाही? कारण हा जंतू बहुरूपी आहे. रोगट पेशीवर तो जे आवरण चढवतो, त्याचे सुमारे साठ नमुने एकेका जंतूजवळ असतात, आणि दुसऱ्या जंतूचे नमुने निराळे. शरीर एक नमुना ओळखायला शिकते, तोवर तो दुसरा काढतो. म्हणून कित्येक पावसाळे ताप सोसल्यावर कुठे पुरेसे नमुने ओळखीचे होतात. तोवर जी लहान मुले दगावतात, ती या कमाईची किंमत होय.

ही कमाई कच्चीही आहे. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे बाळाला काही महिनेच पुरतात. पहिलटकरणीच्या वारेत जंतू असे आवरण घेऊन बसतो की ते तिच्या शरीराने पूर्वी पाहिलेलेच नसते, म्हणून तिला धोका अधिक. माणूस काही वर्षे जिल्ह्याबाहेर राहिला तर ही शक्ती ओसरते. शिवाय ताप नसला म्हणजे रक्तात जंतू नाहीत असे नव्हे. धडधाकट दिसणाऱ्याकडूनही डास जंतू उचलतो आणि शेजाऱ्याच्या लेकराला देतो.

तेव्हा "अंगवळणी पडेल" या भरवशावर कोणी राहू नये. तिकडे असताना मच्छरदाणी वापरावी. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे आणि गोळ्यांचा डोस पुरा करावा. मुलगा रजेवर घरी आला व नंतर महिन्या-दोन महिन्यांनीही त्याला ताप भरला, तर तो गडचिरोलीस होता हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. आपल्याकडे हिवताप कमी, त्यामुळे ते चटकन ध्यानात येत नाही, आणि फाल्सिपेरम दोन दिवसांतही जिवावर बेततो. ताप अंगावर काढू नये, ही सर्व सभासदांस विनंती.