झाडावरील निरुपद्रवी सापांची ओळख

श्रीलंका बेटावर झाडाझुडपांत हरणटोळ व रुका हे दोन सडपातळ साप नेहमी आढळतात. सिंहली भाषेत हरणटोळास ‘अहेटुल्ला’, म्हणजे डोळे टोचणारा, म्हणतात. आपल्याकडे तो टाळू फोडतो असा समज आहे. दोन्ही समज निराधार असून त्यांपायी हे साप हकनाक मारले जातात.

हरणटोळ बहुधा हिरवागार व टोकदार नाकाचा असून त्याच्या डोळ्याची बाहुली आडवी असते. त्याचे सौम्य विष बेडूक, सरडे यांस पुरते. माणसाच्या जिवास त्यापासून धोका नाही. तपकिरी पाठीचा रुका पूर्णपणे बिनविषारी आहे. धामणीप्रमाणे उंदीर मारून हे साप शेतास मोठी मदत करतात असे नाही. परंतु पिकाचे नुकसानही करीत नाहीत.

मात्र हिरवा साप दिसला की तो हरणटोळच, असे समजू नये. त्याच बेटावरील चहाच्या मळ्यांत हिरवा चापडा आढळतो; आपल्या सह्याद्रीतही चापड्याच्या जाती आहेत. रुंद त्रिकोणी डोके, जाड अंग व उभी बाहुली ही या विषारी सापाची लक्षणे होत.

यासाठी फांदीत हात घालण्यापूर्वी ती लांब काठीने हलवावी. साप दिसल्यास डिवचू नये, वाट द्यावी. दंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. ग्रामसेवकांनी दोन्ही सापांची चित्रे शेजारी-शेजारी ठेवून हा फरक गावकऱ्यांस समजावून द्यावा.