वीजतारेवरचा संदेश वाटेत हरवतो तेव्हा...

सोलापूर, प्रतिनिधी - भिंती न फोडता, नवी तार न ओढता घरातील दिवे व उपकरणे दुसऱ्या खोलीतून चालू-बंद करता यावीत, यासाठी विजेच्या तारेवरूनच संदेश पाठविणारी ‘मॉड्यूल’ मिळतात. वृद्ध आई-वडील घरी आणि मुले परगावी नोकरीला, अशा कुटुंबांना ही सोय विशेष आकर्षक वाटते. मात्र सकाळी आज्ञा पाळणारा दिवा संध्याकाळी दाद देत नाही आणि कधी मध्यरात्री आपोआप पेटतो. मग मॉड्यूल सदोष ठरवून अडगळीत टाकले जाते. पुष्कळदा दोष मॉड्यूलमध्ये नसतो, तर घरातील वीजजोडणीत असतो. क्रमाने शोध घेतल्यास तो सापडतो.

या पद्धतीतील सर्वांत परिचित ‘एक्स-१०’ हे तंत्र १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने विकसित केले. हा कंपनीचा दहावा प्रकल्प, म्हणून हे नाव. आपल्याकडील ५० हर्ट्झचा वीजप्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. त्या शांत क्षणी १२० किलोहर्ट्झचा, सुमारे एक मिलिसेकंद टिकणारा संकेत तारेवर सोडला जातो. अशा संकेतांच्या मालिकेतून एक आज्ञा तयार होते आणि ती पूर्ण पोचण्यास जवळजवळ एक सेकंद लागतो. संकेत सोडताना काही व्होल्टचा असला, तरी दूरच्या खोलीत पोचेपर्यंत तो व्होल्टच्या काही दशांशांपर्यंत क्षीण होऊ शकतो. शिवाय जुन्या मॉड्यूलकडून ‘आज्ञा मिळाली’ अशी पोचही येत नाही.

सोलापूरला वीजवाहिनीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारताचे वीजजाळे उर्वरित देशाशी जोडले गेले. उच्चदाब वाहिन्यांवरून उपकेंद्रांमधील संभाषण व संरक्षक संकेत पाठविण्याची पद्धत अनेक दशके रूढ आहे. तेथे संकेत भलतीकडे जाऊ नये म्हणून ‘वेव्ह ट्रॅप’ नावाची मोठी वेटोळी बसवितात. घरात मात्र असा बंदोबस्त कोणीच केलेला नसतो.

संदेश जातो कोठे?

पहिले कारण फेजचे. तीन फेजची जोडणी असलेल्या घरात पाठविणारे यंत्र एका फेजवर आणि दिवा दुसऱ्या फेजवर असेल, तर संदेशाला थेट वाट मिळत नाही. शहराच्या पूर्व भागात खाली यंत्रमाग आणि वर राहते घर अशी रचना आढळते. अशा ठिकाणी कोणती खोली कोणत्या फेजवर आहे, हे आधी पाहावे.

दुसरे कारण संदेश गिळणाऱ्या उपकरणांचे. संगणक, टीव्ही आणि संरक्षक एक्स्टेंशन बोर्ड यांच्या आत तारेवरील गोंगाट थोपविण्यासाठी लहान कपॅसिटर असतो. ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५० हर्ट्झच्या विजेला सुमारे ३२ हजार ओहमचा अडथळा करतो. १२० किलोहर्ट्झच्या संदेशाला मात्र अवघा १३ ओहमचा. साहजिकच संदेश दिव्याकडे जाण्याऐवजी तेथेच मुरतो. मोटारींना जोडलेले मोठे कपॅसिटर याहून अधिक संदेश गिळू शकतात.

तिसरे कारण गोंगाटाचे. हलक्या प्रतीचे चार्जर, काही एलईडी दिवे आणि मिक्सर तारेवर विद्युत कोलाहल माजवितात. संध्याकाळी ही उपकरणे एकदम सुरू होतात, त्यामुळे सकाळी चालणारे मॉड्यूल तेव्हा अडते.

चौथे कारण इन्व्हर्टर. भारनियमनाच्या काळात घरोघरी आलेले हे यंत्र वीज जाताच आपली जोडणी मुख्य तारेपासून वेगळी करते. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरमध्ये विजेची तीव्र उडी नेमकी शून्याच्या क्षणी येते. संदेश वाचण्याचाही तोच क्षण असतो.

शोध कसा घ्यावा?

प्रथम मॉड्यूलवरील संकेतांक तपासावा. ‘ए’ ते ‘पी’ असे १६ घरसंकेत आणि प्रत्येकी १६ क्रमांक, असे एकूण २५६ पत्ते असतात. शेजाऱ्याकडे तोच घरसंकेत असेल, तर त्याची आज्ञा आपला दिवा पेटवू शकते. दिवा आपोआप लागत असल्यास सर्वांत आधी घरसंकेत बदलून पाहावा.

त्यानंतर मॉड्यूल पाठविणाऱ्या यंत्राशेजारच्या सॉकेटमध्ये लावावे. तेथे चालले, तर मॉड्यूल ठीक असून वाटेत अडचण आहे. तेथेही न चालल्यास घरातील इतर उपकरणांचे प्लग काढून पुन्हा पाहावे. नुसते रिमोटने बंद करणे पुरेसे नाही. तरीही प्रतिसाद नसेल, तरच मॉड्यूलवर संशय घ्यावा. आता एकेक प्लग परत लावत जावे. ज्या उपकरणानंतर बिघाड परततो, ते दोषी. त्याच्यासाठी प्लगमध्ये बसणारा फिल्टर वापरावा. दोन खोल्यांचा फेज वेगळा निघाल्यास ‘फेज कपलर’ हा उपाय आहे.

येथे सावधगिरी हवी. दोन फेजमध्ये ४०० व्होल्टचा दाब असतो. बाजारातून आणलेला साधा कपॅसिटर स्वतः जोडणे जिवावर बेतू शकते. कपलर परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच बसवून घ्यावा. अमेरिकेतील नातलगांनी आणलेली १२० व्होल्टची मॉड्यूल येथील २३० व्होल्टवर लावू नयेत, ती जळतील. दिवे मंद करणाऱ्या मॉड्यूलला पंखा जोडू नये. त्यावर एलईडी दिवा लावल्यास तो बंद असतानाही मिणमिणू शकतो. तेथे रिले असलेले मॉड्यूल घ्यावे.

एवढे करूनही भरवसा वाटत नसेल, तर बिनतारी पद्धतीकडे वळणे श्रेयस्कर. कोणतीही पद्धत निवडली तरी गिझर किंवा रुग्णाचे उपकरण केवळ अशा संदेशावर सोपवू नये आणि भिंतीवरचे साधे बटण काढून टाकू नये. घरात एकट्या असलेल्या वृद्धाला अंधारात हात घालताच सापडणारे ते बटण, हाच अखेरचा आधार असतो.