शिळें पेट्रोल

नागपूरलगतच्या हिंगणा भागांत कपाशीची फवारणी संपली कीं पेट्रोलवर चालणारा पंप कोठ्यांत पडतो. टाकींत उरलेलें पेट्रोल मात्र तसेंच राहतें. वैशाखांत पारा 45 अंशांकडे झुकतो. पुढें पावसाळ्यांत कपाशीवर कीड दिसते, माणूस दोरी ओढून ओढून घामाघूम होतो, आणि यंत्र हूं कीं चूं करीत नाहीं. शहरांत ऐन वेळीं रुसणाऱ्या लहान जनित्राचीहि बहुधा हीच कथा असते.

पेट्रोल हें अनेक द्रवांचें मिश्रण होय. त्यांतील हलके अंश प्रथम उडून जातात, आणि थंड यंत्र पेट घेतें तें नेमकें त्यांच्याच बळावर. उरलेलें पेट्रोल हवेच्या संयोगानें डिंकासारखें चिकट होतें व कार्बुरेटरमधील सुईच्या अग्राएवढें छिद्र बुजवितें. त्यांतच 2025 मध्यें पेट्रोलमधील इथेनॉलचें प्रमाण 20 टक्क्यांपर्यंत गेलें. इथेनॉल हवेंतील ओलावा शोषतें आणि पाणी फार झालें कीं त्यासह तळाशीं बसतें.

म्हणून पंप ठेवण्यापूर्वीं टाकी रिकामी करावी आणि यंत्र आपोआप थांबेपर्यंत मंद चालूं द्यावें, म्हणजे कार्बुरेटरची कटोरीहि कोरडी होते. छिद्र बुजलेंच तर तार खुपसूं नये. पितळ झिजून छिद्र रुंदावतें व पेट्रोल-हवेचें प्रमाण कायमचें बिघडतें. तें धुवून हवेच्या झोतानें मोकळें करावें.

काढलेलें पेट्रोल पाण्याच्या बाटलींत भरणें तर निव्वळ आत्मघात! तें घट्ट झांकणाच्या धातूच्या डब्यांत, घराबाहेर सावलींत ठेवावें. त्याची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत सरपटत देवघरांतल्या समईपर्यंतहि पोंचते.