चामराजपेटचे मैदान आणि जगाचा चषक

बंगळूर शहराची आखीव वाढ ज्या वस्त्यांपासून सुरू झाली, त्यांत चामराजपेटची गणना प्रथम करावी लागेल. १८९२ मध्ये वसलेल्या आणि चामराजेंद्र ओडेयर यांचे नाव धारण करणाऱ्या या पेठेत सरळ आखलेले रस्ते आहेत, कन्नड साहित्य परिषदेची वास्तू आहे आणि मुलांना खेळावयास एक विस्तीर्ण मैदानही आहे. तेथे चेंडूमागे धावणाऱ्या एखाद्या मुलाने विचारले, की जगातला सर्वश्रेष्ठ फुटबॉल क्लब ठरतो तरी कसा, आणि आपल्या गावचा क्लब तेथवर कधी पोहोचेल? या प्रश्नाचे उत्तर बरेचसे बंगळूरच्याच इतिहासात सापडते.

देशादेशांच्या संघांचा विश्वचषक सर्वांच्या परिचयाचा आहे. क्लबांची व्यवस्था मात्र निराळी. देशाच्या लीगमध्ये जो क्लब अव्वल ठरतो तो खंडाच्या स्पर्धेत उतरतो, आणि मग खंडोखंडीचे विजेते एकमेकांसमोर उभे राहतात. असा पहिला मुकाबला १९६० साली झाला. युरोपचा विजेता रेआल माद्रिद आणि दक्षिण अमेरिकेचा विजेता पेन्यारोल यांच्यातील पहिला सामना मोंतेव्हिदेओ येथे गोलाविना बरोबरीत सुटला. दुसरा माद्रिदने आपल्या घरी ५-१ असा जिंकला. पुढे चार दशके हा मान या दोन खंडांपुरताच राहिला. मौज अशी, की १९८० पासून हा सामना तोक्यो येथे भरू लागला. अंगण आशियाचे, पण आशियाच्या क्लबांना जागा प्रेक्षकांत! ही कोंडी २००० साली ब्राझीलमधील स्पर्धेने फोडली. तीत सौदी अरेबियाचा अल् नस्र हा क्लब आशियाच्या वतीने खेळला.

आशिया खंडाची स्वतःची क्लबस्पर्धा १९६७ मध्ये सुरू झाली. १९६९ साली ती बँकॉक येथे झाली तेव्हा भारतातर्फे गेला तो म्हैसूर राज्याचा संघ. क्लबांच्या स्पर्धेत राज्याचा संघ कसा, अशी शंका साहजिकच येईल. कारण साधे आहे. भारतात त्या वेळी क्लबांची राष्ट्रीय लीगच नव्हती. संतोष करंडकाचा विजेता तोच देशाचा विजेता मानावा लागे, आणि तो करंडक म्हैसूरने जिंकला होता. या संघाने उपान्त्य फेरी गाठून चौथा क्रमांक मिळविला. तिसरा आला जपानचा तोयो कोग्यो, म्हणजे हिरोशिमा येथील एका मोटार कारखान्याचा संघ.

येथेच दोन देशांच्या वाटा वेगळ्या झाल्या. कारखान्यांचे संघ बंगळूरमध्येही होते. हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज यांनी अनेक खेळाडूंना नोकरी आणि मैदान दोन्ही दिले. परंतु जपानने १९६५ सालीच राष्ट्रीय लीग उभारली होती, आणि तोयो कोग्यो तिचाच विजेता होता. भारताची राष्ट्रीय लीग सुरू व्हावयास १९९६ साल उजाडले. तीन दशकांच्या या अंतराचे फळ २०१६ मध्ये दिसून आले. मूळचा एका पोलाद कंपनीचा संघ असलेल्या काशिमा अँटलर्सने त्या वर्षी क्लब विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदला जादा वेळेपर्यंत झुंजविले.

त्याच वर्षी बंगळूरनेही एक शिडी चढली. मात्र ती आशियातील दुय्यम दर्जाच्या एएफसी चषकाची होती. २०१३ मध्ये स्थापन झालेल्या बंगळूर एफसीने कंठीरव क्रीडांगणावर मलेशियाच्या जोहोर दारुल ताझिम या गतविजेत्या क्लबला ३-१ असे हरविले. त्यांत सुनील छेत्रीचे दोन गोल होते. अंतिम फेरी गाठणारा हा पहिला भारतीय क्लब. त्यापूर्वी गोव्याचा डेम्पो २००८ मध्ये आणि कोलकात्याचा ईस्ट बंगाल २०१३ मध्ये उपान्त्य फेरीत अडला होता. दोहा येथे ५ नोव्हेंबर २०१६ रोजी इराकच्या हवाई दलाच्या क्लबने एका गोलाने बंगळूरचा पराभव केला.

वरच्या शिडीवर पाऊल ठेवले ते प्रथम गोव्याने. २०२१ मध्ये एफसी गोवा आशियाच्या चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळला. पुढच्या वर्षी मुंबई सिटीने रियाध येथे त्याच इराकी क्लबला एका गोलाच्या पिछाडीवरून २-१ असे नमविले. त्या स्पर्धेतील भारतीय क्लबचा हा पहिला विजय. निर्णायक गोल राहुल भेके या मुंबईकराने डोक्याने मारला. हा खेळाडू त्यापूर्वी बंगळूरकडून खेळलेला होता.

तात्पर्य, गुणांची वाण येथे कधीच नव्हती. उणीव होती ती पायऱ्यांची. मैदानापासून जिल्ह्याच्या लीगपर्यंत, तेथून राष्ट्रीय लीगपर्यंत आणि पुढे खंडापर्यंत प्रत्येक पायरी दरवर्षी जागच्या जागी असावी लागते. २०२५ साली व्यापारी हक्कांचा करार संपत आल्याने देशाची सर्वोच्च लीग नेहमीच्या वेळी सुरूच होऊ शकली नाही. मधली एक पायरी निखळली, की वरच्या पायऱ्या केवळ पाहण्यापुरत्या उरतात. चामराजपेटच्या त्या मुलाला द्यावयाचे उत्तर हेच, की वाट आहे, तिच्यावरून माणसे गेलीही आहेत. ती मोडू न देणे हे मात्र मोठ्यांचे काम आहे.