वाटेवर सरकणारे धुके : रहस्यकथेतील हवामान

कथेत संकट ओढवणार असले की आभाळ भरून यावे, वीज कडाडावी आणि दिवा विझावा, ही योजना इतकी रूढ झाली आहे की वाचक तिच्याकडे नेपथ्य म्हणूनच पाहतो. पात्राच्या भावना निसर्गावर लादण्याच्या या प्रवृत्तीला इंग्रज समीक्षक जॉन रस्किन यांनी १८५६ मध्ये आभासाचा एक प्रकार ठरवले. परंतु रहस्यकथेच्या दृष्टीने खरी अडचण अशी की, अशा हवामानाने कथानकात काहीच बदलत नाही. उत्कंठा म्हणजे संकटाची चाहूल लागलेली असताना ते केव्हा कोसळेल याची ताणलेली प्रतीक्षा, आणि हवामानाने पात्राची वाट, दृष्टी किंवा वेळ हिरावून घेतल्याखेरीज ती निर्माण होत नाही.

आर्थर कॉनन डॉईल यांच्या, १९०१-०२ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘द हाऊंड ऑफ द बास्करव्हिल्स’ या कादंबरीतील धुके याचा उत्तम नमुना ठरते. कथा घडते ती इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील डार्टमूर या दलदलींच्या माळावर. निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते, लगतच्या दमट हवेतील बाष्पाचे सूक्ष्म थेंब होतात आणि वारा मंद असेल तर धुके सखल भागात साचते. त्यामुळे वर चांदणे आणि खाली दाट धुके हे डॉईल यांनी रंगवलेले दृश्य शास्त्रालाही धरून आहे. बास्करव्हिल घराण्याचे वारस सर हेन्री हे शेजारी राहणाऱ्या खलनायक स्टेपलटनच्या घरून जेवून पायी परतणार, वाटेत त्यांच्यावर कुत्रा सोडला जाणार आणि गुप्तहेर शेरलॉक होम्स, त्याचा मित्र वॉटसन व पोलीस अधिकारी लेस्ट्रेड दबा धरून बसणार, असा बेत असतो. दहा वाजलेले असतात, सर हेन्री अजून घरातच असतात आणि दलदलीवरचे धुके हळूहळू त्या घराकडे सरकू लागते. ते बागेच्या भिंतीपर्यंत येते, घराला वेढते, वाटेवर उतरते; तिघांना मागे हटावे लागते, पण फार मागे हटले तर सर हेन्रींपर्यंत वेळेत पोहोचता येणार नाही. येथे धुक्याचा प्रत्येक हात वेळ मोजतो, म्हणूनच कुत्रा दिसण्यापूर्वीची ही पाने तो दिसल्यानंतरच्या पानांहून अधिक थरारक आहेत.

जोसेफ कॉनरॅड यांच्या ‘टायफून’ (१९०२) या लघुकादंबरीत हेच काम वायुभारमापक, म्हणजे हवेचा दाब मोजणारे उपकरण, करते. दाब झपाट्याने उतरणे ही चक्रीवादळाची खूण असते, आणि वादळाचा पहिला तडाखा ओसरल्यावर कप्तान मॅकव्हर अंधाऱ्या खोलीत काडी पेटवून पाहतो तेव्हा त्याने आयुष्यात न पाहिलेला नीचांक त्याला दिसतो. वादळाच्या मध्यभागी वारा पडतो आणि त्यानंतर दुसरा तडाखा बसतो, हे वाचकाला ठाऊक झालेले असते. कॉनरॅड मात्र तो तडाखा वर्णनातून गाळून जहाज थेट बंदरात आणतात. पूर्वतयारी इतकी भक्कम आहे की ही उणीव जाणवत नाही, आणि एवढे धैर्य फार थोड्या लेखकांपाशी असते.

मराठीत व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीत तर न येणारा पाऊसच वाडी ओस पाडतो. मराठी रहस्यकथेच्या हाताशी असलेली दुसरी सामग्री कोकणच्या खाड्यांत आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणारी उधाणाची भरती मुसळधार पावसाशी जुळली तर नदीच्या पाण्याचा समुद्राकडे निचरा होत नाही आणि काठची वस्ती पाण्याखाली जाते. शिवाय भरतीची वेळ आधीच ठाऊक असल्याने ती वाचकाच्या हाती पहिल्याच पानावर देता येते. रहस्यकथा लिहू पाहणाऱ्यांनी विजेचा कडकडाट बाजूला ठेवून या वेळापत्रकाचा उपयोग करावा.