नौरू : मुद्दल खाल्लेले बेट

पॅसिफिक महासागराच्या नकाशावर नौरू शोधू गेलात, तर ते बहुधा आपल्याच बोटाखाली झाकले जाईल. विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे छप्पन्न किलोमीटरांवरचे हे एकटे बेट. क्षेत्रफळ एकवीस चौरस किलोमीटर, वस्ती बारा हजारांच्या आसपास. सर्वांत जवळचे बनाबा बेटही तीनशे किलोमीटर दूर. नदी एकही नाही. किनाऱ्याला नारळीची हिरवी पट्टी आणि आत उंच पठार. या देशाचे भाग्य आणि दुर्भाग्य, दोन्ही त्या पठारात होती.

१८८८ साली जर्मनीने बेट ताब्यात घेतले. पुढे १८९९ मध्ये, सिडनीतील एका कचेरीत दार अडवण्यासाठी ठेवलेला नौरूचा दगड अल्बर्ट एलिस यांनी तपासला. तो उत्तम प्रतीचा फॉस्फेट निघाला. फॉस्फेट म्हणजे शेतीचे खत! १९०७ मध्ये पहिला माल रवाना झाला. सुरुवातीच्या काळात जमीनमालकाला टनामागे अर्धी पेनी मिळे. खोदकाम करीत ते मुख्यतः कराराने आणलेले चिनी आणि गिल्बर्ट बेटांवरचे मजूर.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांनी कारभार हाती घेतला. त्यांच्या संयुक्त मंडळाने हा माल आपापल्या शेतकऱ्यांना जवळजवळ उत्पादनखर्चातच पुरवला. म्हणजे परक्यांची शेते पिकली, ती नौरूच्या जमिनीच्या किमतीवर. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी बेट जिंकले आणि सुमारे १२०० नौरूवासीयांना ट्रुक बेटांवर नेले. १९४६ च्या जानेवारीत त्यांपैकी ७३७ च परतले. त्याच परतण्याच्या दिवशी, ३१ जानेवारीला, १९६८ साली देश स्वतंत्र झाला. हॅमर डीरोबर्ट पहिले अध्यक्ष झाले आणि थोड्याच काळात खाणही देशाच्या मालकीची झाली.

आता मुख्य मुद्दा. कामगारांच्या बाजूने वाटाघाटीला बसणाऱ्याला पहिली गोष्ट शिकावी लागते ती ताळेबंद वाचण्याची. यंत्र झिजते, म्हणून मालक घसारा बाजूला काढतो. उरते ते उत्पन्न. नौरूत झिजत होती ती खुद्द जमीन. माती काढली की मागे उरत ते प्रवाळी खडकाचे ओबडधोबड सुळके; तिथे पीक नाही की घर नाही. तरीही विकलेला दगड 'उत्पन्न' म्हणून मोजला गेला.

सत्तरीच्या दशकात दरडोई उत्पन्नात हा देश जगातील श्रीमंतांत गणला जाई. उद्याच्या सोयीसाठी न्यासही काढला होता. त्या पैशातून मेलबर्नमध्ये बावन्न मजली इमारत उभी राहिली. पण चुकीच्या गुंतवणुकींनी व उधळपट्टीने गंगाजळी आटली. २००४ मध्ये ती इमारत विकावी लागली, तर २००५ मध्ये राष्ट्रीय विमान कंपनीचे शेवटचे विमान कर्जापोटी गेले. मग परकीय मासेमारीचे परवाने आणि ऑस्ट्रेलियाने २००१ मध्ये बेटावर उभारलेली आश्रयार्थींची छावणी, हीच मोठी आधाराची साधने ठरली.

'बसून खाल्ले तर कुबेराचाही खजिना पुरत नाही', असे म्हणून नौरूला दोष देणे सोपे आहे. दोष आहेच, पण तो अर्धाच. १९८९ मध्ये नौरूने स्वातंत्र्यापूर्वी उकरलेल्या जमिनीबद्दल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात ऑस्ट्रेलियावर दावा लावला. १९९३ मध्ये १०.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांवर तडजोड झाली. म्हणजे जुन्या कारभाऱ्यांच्या खात्यावरही देणे निघाले.

म्हणून कोणत्याही खाणीच्या समृद्धीची कहाणी कानी आली की दोन प्रश्न विचारावेत. घसारा कोण भरणार? आणि खाण संपल्यावर तिथे राहणारे कोण? नौरूत या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच होते : बेटावरची माणसे. पण हे प्रश्न त्यांना वेळीच विचारू दिले गेले नाहीत. आणि हाती सत्ता आली तेव्हा त्यांनीही ते पुरेशा निर्धाराने विचारले नाहीत.