खटका काढला, तिथे काय भरलं?

७८ फेऱ्यांच्या तबकडीला केसाएवढा तडा गेला, की सुई दर फेरीत एकदा त्याला ठेचकाळते आणि साधारण पाऊण सेकंदाला एक ‘टक’ ऐकू येतो. शिवाय लाखेच्या त्या तबकडीत दगडाची बारीक पूड मिसळलेली असे, पोलादी सुईचं टोक झिजून खोबणीच्या मापात बसावं म्हणून. त्यामुळे थोडी खरखर जन्मापासूनच तिच्या सोबत असते. बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, केसरबाई केरकर यांच्या गाण्याचा मोठा भाग आपल्यापर्यंत अशाच तबकड्यांतून आला आहे. गेल्या पन्नासेक वर्षांत हे खटके घालवण्याची साधनं कुठून कुठे गेली हे पाहताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. खटका नुसता ‘काढला’ असं कधीच होत नाही. त्याच्या जागी काहीतरी भरावं लागतं, नाहीतर लय आखूड होते; आणि जे भरलं जातं ते गवयाने गायलेलं नसतं. म्हणून हे काम केरसुणीचं नाही, रफूचं आहे.

फितीच्या काळात हे डोळ्यांना दिसत असे. स्टुडिओतली फीत सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावे, म्हणजे एका मिलिसेकंदाचा खटका तिच्यावर ०.३८ मिलिमीटर जागा घेई. फीत हाताने मागेपुढे सरकवत ती जागा हेरायची, मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची, ब्लेडने तिरका काप देऊन टोकं जोडायची. जेवढा तुकडा निघाला तेवढी लय आखूड झाली, हे कापणाऱ्याला ठाऊक असे, म्हणून तो हात आखडता घेई. दुसरा मार्ग सरसकट वरचे सूक्ष्म ध्वनी दाबण्याचा. त्याने खरखर मऊ पडे, पण शब्दांतले ‘स’ आणि ‘श’ बोथट होत, सारंगीची धार जाई. बाजारात आलेल्या कित्येक जुन्या गाण्यांच्या कॅसेटी कांबळ्याआडून गायल्यासारख्या वाटतात, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

खरा पालट १९८०च्या दशकात झाला. ध्वनी आकड्यांत उतरला, सेकंदाला ४४,१०० नमुने. आणि खटका म्हणजे त्यातले बिघडलेले काही डझन आकडे ठरले. १९८६ साली फिलिप्सच्या संशोधकांनी हरवलेले नमुने शेजारच्या नमुन्यांवरून भरून काढण्याची एक गणिती पद्धत मांडली; ब्रिटनमध्ये राष्ट्रीय ध्वनिसंग्रहालय आणि केंब्रिज विद्यापीठ यांच्या कामातून १९८८मध्ये सीडर ही कंपनी उभी राहिली. या पद्धतींचं मर्म एकच आहे. आधीच्या नमुन्यांवरून पुढचा कसा असेल याचा अंदाज बांधायचा आणि प्रत्यक्ष नमुना त्यापासून फार दूर गेला, तर तो खटका मानायचा. इथेच गोम आहे. तबल्याच्या किनारीवर बोट पडून ‘ना’ उमटतो, त्याचा पहिला क्षण गणिताला तितकाच अनपेक्षित असतो. खटका क्षणात विरतो आणि ‘ना’ पुढे घुमत राहतो, हा फरक कानाला सहज कळतो. साध्या गणिताला तो वेगळा शिकवावा लागतो.

२०००मध्ये ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर आलं आणि हे सामर्थ्य घराघरांत पोचलं. त्यात खटके काढण्यासाठी दोन सरकपट्ट्या आहेत: एक संवेदनशीलता ठरवते, दुसरी किती रुंद टोकाला खटका म्हणायचं ते. संवेदनशीलता वाढवत नेली तर तबकडी शांत होत जाते आणि तबलाही नरम पडत जातो. तो इतका हळूहळू पडतो, की बसल्या बैठकीत लक्षातही येत नाही. त्याच सॉफ्टवेअरमध्ये एक छोटं दुरुस्तीचं साधन आहे, ते एका वेळी १२८हून जास्त नमुन्यांना हात लावू देत नाही. या मर्यादेची कुरकुर होते, पण माझ्या मते तीच त्याची खरी थोरवी: प्रत्येक टाक्याकडे पाहावंच लागतं.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतात. एक म्हणतो, खरखर हाच जुन्या गाण्याचा अस्सलपणा, तिला हात लावू नका. हे पटत नाही. तडा नंतर गेला. गवई त्या ‘टक’सह गायला नव्हता, आणि त्या टकटकीमुळे नवा श्रोता पहिल्याच मिनिटाला उठून जात असेल तर गाणंच हरतं. दुसरा म्हणतो, आता यंत्रं शिकवून तयार केली आहेत, ती तबला ओळखतात, मग चिंता कशाला? ती पुष्कळ सुधारली आहेत, यात शंका नाही. पण ज्या संगीतावर ती शिकली, त्याच्याच सवयीने ती भोक बुजवतात. आणि टाका जितका बेमालूम, तितकं तिथे भोक होतं हे पुढच्या पिढीला कळणं अवघड. म्हणूनच ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मूळ उतारा कोणतीही सफाई न करता जपण्याचा जो आग्रह धरला, तो मला या सगळ्या काळातला सर्वांत मोलाचा निर्णय वाटतो. सफाई हवी तेवढी करा, पण प्रतीवर.

मूळ उतारा हाती असला की एक साधी परीक्षाही घेता येते. साफ केलेल्या प्रतीच्या ध्वनिलहरी वरच्या खाली अशा उलट्या करून ती मूळ प्रतीत मिसळायची. दोन्हींत जे समान आहे ते एकमेकांना खाऊन टाकतं आणि काढलेलं तेवढंच उरतं. ते कान देऊन ऐकायचं. नुसती कोरडी टकटक असेल तर हात बरोबर पडला. त्या कचऱ्यात त्रितालाचा ठेका ओळखू आला, तर पट्टी मागे घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून बसायचं.